निसर्ग की निसरडे?

(मधल्या व थोरल्या गटासाठी पाठ. घरी आईबाबांबरोबर मोठ्याने वाचावा. अवघड शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत.)



मार्च महिना मोठा फसवा असतो. खिडकीतून पाहिले तर छान ऊन पडलेले दिसते आणि दार उघडले की कान गार पडतात. तिकडे महाराष्ट्रात पळस फुललेला असतो आणि आंब्याला कैऱ्या धरलेल्या असतात. चैत्र लागला की झाडांना कोवळी पालवी फुटते. इकडे मात्र पाडव्याच्या सुमारास झाडे अजून उघडीच असतात. मग इथला वसंत सुरू होतो तरी कुठे? ते पाहण्यासाठी गेल्या मार्चच्या शेवटच्या रविवारी आपला वर्ग डोंगरावर भरला. जे आले होते त्यांना सगळे आठवत असेलच. जे आले नव्हते त्यांच्यासाठी, आणि त्या दिवशी आपण सगळेच एक गोष्ट शिकलो म्हणून, हा पाठ लिहिला आहे.

कुठे गेलो?

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला सुमारे पन्नास मैलांवर हडसन नदीच्या काठी बेअर माउंटन आहे. बेअर माउंटन म्हणजे अस्वलाचा डोंगर. त्याची उंची सुमारे १,३०० फूट. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट आहे. ही उंची ऐकून आमच्याबरोबर आलेले एक आजोबा म्हणाले, "हा डोंगर कसला, ही तर टेकडी!" ते पुण्याहून मुलीकडे राहायला आले होते आणि तरुणपणी दर रविवारी सिंहगड चढत असत.

पण मुलांनो, उंचीने लहान असलेला हा डोंगर वयाने फार मोठा आहे. सह्याद्रीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन तयार झाला. हडसनकाठच्या या डोंगरांचा खडक शंभर कोटी वर्षांहूनही जुना आहे. हे ऐकल्यावर आजोबांनी टोपी काढून डोंगराला नमस्कार केला.

या डोंगरावरून एक प्रसिद्ध पायवाट जाते. तिचे नाव ॲपलाचियन ट्रेल. दक्षिणेला जॉर्जिया राज्यात तिचा आरंभ होतो आणि उत्तरेला मेन राज्यातल्या कटाडिन पर्वतावर शेवट. लांबी सुमारे २,२०० मैल. ती चौदा राज्यांमधून जाते. अशी वाट असावी ही कल्पना बेंटन मकाय यांनी १९२१ साली मांडली. तिचा अगदी पहिला तुकडा १९२३ साली चालणाऱ्यांसाठी खुला झाला, तो इथेच, बेअर माउंटनपासून पश्चिमेकडे. पुढे १९३७ साली संपूर्ण वाट जोडली गेली. सुट्टीच्या दिवशी कुदळी-फावडी घेऊन येणाऱ्या हौशी स्वयंसेवकांचा या कामात मोठा वाटा होता. आजही वाटेची देखभाल बरीचशी तेच करतात.

एक गंमत सांगते. सबंध ॲपलाचियन ट्रेलवरची सर्वांत सखल जागा याच डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथल्या छोट्या प्राणिसंग्रहालयात अस्वलांचे घर आहे, त्याच्याजवळ. तिथे समुद्रसपाटीपासूनची उंची फक्त १२४ फूट आहे.

खुणांची भाषा

या वाटेवर झाडांवर आणि खडकांवर पांढऱ्या रंगाचे उभे पट्टे रंगवलेले असतात. पट्टा दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच. एक पट्टा दिसला की "बरोबर चालला आहात, पुढे चला". दोन पट्टे एकावर एक दिसले की "सावधान, इथे वाट वळते". वरचा पट्टा उजवीकडे सरकलेला असेल तर उजवीकडे वळायचे, डावीकडे असेल तर डावीकडे. बराच वेळ एकही पट्टा दिसला नाही, तर शेवटचा पट्टा जिथे दिसला होता तिथे परत जायचे. पुढे जाऊन शोधत बसायचे नाही.

याच डोंगरावर उत्तरेच्या बाजूने दुसरी एक वाट चढते. तिचे नाव मेजर वेल्च ट्रेल. तिच्या खुणेत लाल गोल असतो. ही वाट अंतराने कमी पण फार उभी आहे आणि तिच्यावर मोठमोठे कातळ आहेत. पांढऱ्या खुणांनी चढायचे आणि लाल खुणांनी उतरायचे, असे आम्ही सकाळी ठरवले होते. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

निघण्यापूर्वी

आम्ही तेवीस जण होतो. चौदा मुले आणि नऊ मोठी माणसे. सर्वांत पुढे एक काका, ते आघाडीला. सर्वांत मागे एक मावशी, त्या पिछाडीला. आघाडीच्या पुढे कोणी जायचे नाही आणि पिछाडीच्या मागे कोणी राहायचे नाही, असा नियम केला. प्रत्येकाला एक आकडा दिला. मी "मोजा" म्हटले की एकपासून तेवीसपर्यंत मराठीत हजेरी द्यायची. एकोणीस आकडा ज्या मुलीला मिळाला होता तिला दोनदा आठवण करून द्यावी लागली, पण घरी येईपर्यंत ती तो जन्मात विसरणार नाही इतका पाठ झाला होता!

प्रत्येकाच्या सॅकमध्ये पाणी, शिट्टी, लोकरीची टोपी, जास्तीचे मोजे आणि विंडचीटर होता. खाण्यासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे आणि चिक्की. जीन्स घालू नका असे सांगितले होते, कारण सुती कापड ओले झाले की लवकर वाळत नाही आणि अंग गार पाडते. दुपारचे दोन वाजले की शिखर येवो न येवो, परत फिरायचे, हेही ठरले होते.

चढण

हेशियन तळ्यापासून आम्ही दहा वाजता निघालो. पांढऱ्या खुणांच्या वाटेवर दगडाच्या पायऱ्या आहेत. एक-दोन नव्हे, आठशेहून अधिक! पूर्वी इथे लाखो पावलांनी माती झिजून घळी पडल्या होत्या. म्हणून ग्रॅनाइटचे दगड हाताने घडवून या पायऱ्या बसवल्या. नव्या वाटेचा पहिला भाग २०१० साली खुला झाला. पुण्याच्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. म्हणजे इथे जवळजवळ आठ वेळा पर्वती चढायची. मुलांनी मोजायला सुरुवात केली, पण दोनशेच्या पुढे प्रत्येकाचा आकडा वेगळा निघाला.

चढताना वसंताच्या खुणा शोधायच्या होत्या. खाली ओलसर जागी जांभळट रंगाची, टोपडे घातल्यासारखी एक वनस्पती चिखलातून वर आली होती. तिला स्कंक कॅबेज म्हणतात. पान चुरगळले तर घाण वास येतो. पण ही वनस्पती फुलताना स्वतःची उष्णता तयार करते आणि भोवतालचा बर्फ वितळवून बाहेर येते. शेजारच्या डबक्यातून "पीप पीप" असा आवाज येत होता. ते पक्षी नव्हते, ते बेडूक होते. इंचभर लांबीचे बेडूक, पण त्यांचा आवाज केवढा मोठा! उंच झाडांच्या फांद्यांवर लालसर धूसर रंग दिसत होता. ती लाल मेपलची फुले. पाने येण्याआधी हे झाड फुलते, अगदी आपल्या पळसासारखे. आणि एक तपकिरी फुलपाखरू उन्हात बसले होते. त्याच्या पंखांना पिवळसर काठ होता. मोर्निंग क्लोक नावाचे हे फुलपाखरू झाडाच्या सालीखाली सबंध हिवाळा काढते, म्हणून इतक्या लवकर दिसते.

वाटेत शब्दही गोळा केले. दोन डोंगरांमधली अरुंद जागा म्हणजे खिंड. डोंगराचा हळूहळू उतरत जाणारा लांब भाग म्हणजे सोंड. हत्तीची असते तशी. इथे मात्र नदीच्या पलीकडच्या डोंगराला सोंड नसून नाक आहे. त्याचे नाव अँथनीज नोज! आजोबा हसून म्हणाले, "खंडाळ्याच्या आपल्या नागफणीला इंग्रजांनी ड्यूकचं नाक म्हटलं. आपल्याला नागाचा फणा दिसला, त्यांना नाक दिसलं."

शिखरावर

सव्वाबारा वाजता आम्ही माथ्यावर पोचलो. तिथे १९३४ साली बांधलेला दगडी पर्किन्स मनोरा आहे. खाली हडसन नदी आणि तिच्यावरचा पूल दिसत होता. हवा स्वच्छ होती म्हणून दूर क्षितिजावर मॅनहॅटनच्या इमारतीही दिसल्या. सगळ्यांनी सॅक उतरवल्या आणि पुऱ्यांवर ताव मारला. आघाडी आणि पिछाडी दोघेही चहा प्यायला बसले. इथेच आमची चूक झाली. चालताना आम्ही नियम पाळत होतो, पण बसल्यावर सगळे विसरलो.

जेवण झाल्यावर आजोबा आणि एक काका लाल खुणांची वाट कशी आहे ते पाहायला गेले. थोड्याच वेळात परत आले. दक्षिणेच्या बाजूला ऊन खात आलो होतो, पण उत्तरेच्या बाजूला सावली होती. तिथे दिवसा बर्फ वितळतो, पाणी कातळावरून झिरपते आणि रात्री पुन्हा गोठते. त्याचा काचेसारखा पातळ थर कातळावर बसला होता. जवळ जाईपर्यंत तो दिसतही नव्हता.

परत येताना आजोबांना थोरल्या गटातली दोन मुले भेटली. (नावे इथे छापायची नाहीत अशी त्या दोघांची अट आहे.) आजोबा त्यांना म्हणाले, "बाळांनो, पलीकडं निसरडं आहे बरं का." मुले म्हणाली, "हो आजोबा." आजोबा आमच्याकडे आले. मुले पुढे गेली.

आम्ही मोठ्यांनी विचार केला. कोणी म्हणाले, हळूहळू उतरू. कोणी म्हणाले, मुले निराश होतील. शेवटी ठरले, आल्या वाटेनेच परत जायचे. मी सगळ्यांना जमवले आणि म्हटले, "मोजा!"

एक, दोन, तीन... नऊ, दहा, अकरा.

पुढे कोणी बोलेना. बारा नव्हता. तेराही नव्हता. त्यांच्या सॅक मात्र खडकाला टेकून ठेवलेल्या होत्या. विंडचीटर आत, शिट्टी आत, टोपी आत. मोबाईलही आतच वाजला.

ती पाच मिनिटे मी विसरणार नाही. एका मुलाचे वडील पळतच निघाले होते. आजोबांनी त्यांचा हात धरला. "पळू नका. तुम्ही पडलात तर दोघांऐवजी तिघांना काढावं लागेल." मग आजोबांनी दोन्ही हात तोंडाशी धरून हाळी दिली, "ओ ऽ ऽ ऽ!" आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितले. काही ऐकू आले नाही. पुन्हा हाळी दिली. खालून, डावीकडून, बारीक आवाज आला, "ओ ऽ ऽ ऽ!"

एका मुलाचे वडील आणि आघाडीचे काका खाली गेले. कातळ टाळून, मातीतून, एका झाडाला धरून दुसऱ्या झाडापर्यंत. दोघे मुलगे माथ्यापासून फार खाली नव्हते. एकाचा पाय बर्फावरून सटकला होता आणि तो घसरत एका झुडपाला अडकला होता. गुडघा सोलवटला होता. दुसरा त्याच्याजवळ जाऊन बसला होता. वर यायची हिंमत होत नव्हती, खाली जायची तर नाहीच. पण त्यांनी एक काम फार शहाणपणाचे केले. ते जागचे हलले नाहीत आणि प्रत्येक हाळीला ओ देत राहिले.

त्यांना वर आणायला चाळीस मिनिटे लागली. दोघेही कुडकुडत होते. पायथ्याशी ऊन असले तरी वर हवा गार असते, आणि ओल्या कपड्यांत, वाऱ्यात, बर्फ पडत नसतानाही माणसाच्या अंगातली उष्णता धोका होण्याइतकी कमी होऊ शकते. त्यांचे ओले कपडे बदलले, टोप्या घातल्या, गोड चहा पाजला आणि चिक्की दिली.

"हो" म्हणजे काय?

चहा पिऊन झाल्यावर वडिलांनी विचारले, "आजोबांनी सांगितलं होतं ना? मग का गेलात?"

मुलगा म्हणाला, "आजोबांनी सांगितलं, तिकडे निसर्ग आहे. म्हणून बघायला गेलो."

क्षणभर कोणाला काही कळेना. मग माझ्या लक्षात आले. आदल्याच रविवारी वर्गात आपण "निसर्ग" हा शब्द शिकलो होतो. निसरडा हा शब्द त्याने कधी ऐकलाच नव्हता. सगळे हसू लागले, तोही हसला. आजोबा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "चूक माझी. मी सांगितलं, पण तुला काय कळलं ते विचारलं नाही."

मला वाटते, चूक माझीही होती. वर्गात मी विचारते, "कळलं का?" आणि तुम्ही सगळे एका सुरात म्हणता, "होऽऽ!" घरी आजीशी फोनवर बोलतानाही तुम्ही असेच "हो, हो" म्हणता. कारण "नाही कळले" म्हणायची लाज वाटते. हसतील असे वाटते. वर्गात त्याने फारसे बिघडत नाही. डोंगरावर बिघडते.

परतीच्या वाटेवर आम्ही नवा नियम केला. मोठ्या माणसाने सूचना दिली की मुलाने ती आपल्या शब्दांत परत सांगायची. मराठीत सांगता आली नाही तर इंग्रजीत सांगायची, पण सांगायचीच. "पुढे पाणी आहे, डावीकडून चला." "म्हणजे पाण्यात पाय नाही घालायचा, लेफ्टने जायचं." बरोबर! असे करत आणि दर अर्ध्या तासाने तेवीस मोजत आम्ही पाच वाजण्याच्या आत खाली आलो.

या वर्षी पुन्हा जायचे आहे. "म्हणजे काय?" हे दोन शब्द ज्याला मोठ्याने विचारता येतात, त्याने सर्वांत आधी नाव द्यावे.

शब्दार्थ

निसरडे – ज्यावर पाय घसरतो असे (निसरणे म्हणजे घसरणे, त्यावरून)
निसर्ग – झाडे, पाणी, डोंगर, प्राणी ही सारी सृष्टी
कातळ – मोठा सलग खडक
घळ – पाण्याने झिजून पडलेली खोलगट जागा
सखल – कमी उंचीवरचे
माथा – डोंगराचा सर्वांत वरचा भाग
हाळी देणे – लांबच्या माणसाला मोठ्याने हाक मारणे
ओ देणे – हाकेला उत्तर देणे
ताव मारणे – भरपूर आणि आवडीने खाणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दोन पांढरे पट्टे एकावर एक दिसले तर काय समजावे?
(आ) ॲपलाचियन ट्रेलचा पहिला तुकडा कोणत्या साली खुला झाला?
(इ) उत्तरेच्या बाजूला बर्फ का राहिला होता?

२. कारणे सांगा.
(अ) आजोबांनी मुलाच्या वडिलांचा हात धरला.
(आ) डोंगरावर जाताना जीन्स घालू नये.
(इ) मुले निसरड्या वाटेने गेली.

३. "निसर्ग" आणि "निसरडे" हे शब्द वापरून प्रत्येकी दोन वाक्ये करा. अशाच सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या आणखी जोड्या शोधा. (उदा. पाणी – पाने, वाट – वाटी, कडा – कडे)

४. चर्चा करा. दोन मुलांनी कोणती चूक केली? मोठ्यांनी कोणत्या चुका केल्या? त्या मुलांनी कोणती गोष्ट बरोबर केली?

५. ही वाक्ये दहा वेळा मोठ्याने म्हणा.
मला कळलं नाही, पुन्हा सांगाल का?
जरा हळू बोला ना.
म्हणजे काय?

६. उपक्रम : घराजवळच्या बागेत जाऊन वसंताच्या तीन खुणा शोधा. चित्र काढा आणि खाली मराठीत नाव लिहा. मराठी नाव नसेल तर तुम्ही एक नवे नाव ठेवा.

पालकांसाठी दोन शब्द

"कळलं का?" या प्रश्नाला मूल नेहमी "हो" म्हणते. त्याऐवजी "मी काय सांगितलं ते सांग बघू" असे विचारून पाहा. मुलाने चुकीचा अर्थ सांगितला तर हसणे आवरावे. आपण हसलो की पुढच्या वेळी ते विचारणार नाही. "अरे वा, बरं झालं विचारलंस" एवढे म्हटले तरी पुरे.

डोंगरावरून घरी आल्यावर मुलांचे पाय, काखा, मान आणि कानामागची जागा नीट तपासावी. लहानशा गोचिडीपासून लाइम रोग होतो आणि हवा थोडी उबदार झाली की या गोचिडी बाहेर पडतात. गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढून काढावी. पुढे काही दिवसांत अंगावर लाल चट्टा उठला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे.

आणि या वर्षीच्या सहलीला येणाऱ्या प्रत्येक मुलाची शिट्टी सॅकमध्ये नको, गळ्यात हवी.